आंबा नसलेला मे

“आज्जी, तुला जर सगळंच माहितीये, तर मग तू आलीस कशाला?”

लेक चौदा वर्षांची. त्या वयात प्रश्नांना धार असते, हेतू वाईट नसतो. मॉरिशसच्या पांप्लमूस बागेत आम्ही उभे होतो. तिथले गाईड पाहुण्यांशी एक खेळ खेळतात. एखाद्या झाडाचं पान तोडायचं, चुरगळायचं, पाहुण्याच्या नाकाखाली धरायचं आणि विचारायचं, ओळखा पाहू कशाचं? थंड देशातून आलेल्यांची यात छान करमणूक होत असणार. आमच्या गाईडचा चेहराही त्याच तयारीचा होता, पण त्याची गाठ पडली आमच्या आईशी. पहिलं पान पुरतं चुरगळायच्या आत ती म्हणाली, “दालचिनी.” दुसऱ्याला “कापूर”. तिसरं तर तिनं हातातही घेतलं नाही. मान वर करून झाडाकडे पाहिलं आणि “जायफळ” म्हणून मोकळी झाली. वर पुरवणी जोडली, “आमच्या वाडीत दोन होती. त्यातलं एक नर निघालं, शेवटपर्यंत धरलं नाही.” मी भाषांतर करून सांगितल्यावर गाईड हसला खरा, पण पुढची पानं तोडताना त्याचा हात जरा जड झाला होता. त्यावर लेकीचा हा प्रश्न. आईनं काही उत्तर दिलं नाही. पदर कमरेला खोचला आणि पायातल्या पांढऱ्या बुटांनिशी तरातरा पुढच्या झाडाकडे निघाली.

प्रश्न तिला लागला की नाही कोण जाणे, मला मात्र लागला. कारण विमानतळावरून बाहेर पडल्यापासून मीही मनात तेच विचारत होते, फक्त बोलून दाखवत नव्हते. आईचं माहेर वेंगुर्ल्याजवळ. लग्न होऊन पुण्यात आली, तिथेच उभा जन्म गेला, पण डोळे अजून वाडीतच आहेत. गाडीच्या खिडकीतून तिचं चालूच होतं : ही जास्वंद, हा शेवगा, ही आपली केळ, हा बदाम, ही अबोली असावी, नाही, कोरांटी. प्रत्येक वाक्याच्या शेवटी “आपल्याकडे आहे”. आईवडिलांना लांब फिरायला नेण्यात आपली एक छुपी वसुली असते. खर्च आपण करतो आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटण्याची वाट बघत बसतो. ते उमटलं नाही की वाईट वाटण्याआधी राग येतो. मला आला होता. नवऱ्यानं तर ठिकाणांचा तक्ता केला होता, वेळांसकट, आणि त्यात कुठेही ‘हे आपल्याकडे आहे’ याला जागा नव्हती.

आता त्या बागेचंच बघा. तिची कुळकथा चोरीची आहे. अठराव्या शतकात जायफळ आणि लवंग यांवर डचांची मक्तेदारी होती. झाडं आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवर, पहारा कडक. बाहेर जाणाऱ्या जायफळाला चुना फासायचे, म्हणजे बी कुठे रुजायला नको. पिएर प्वाव्र नावाच्या एका फ्रेंच गृहस्थानं हे मोडून काढायचा ध्यास घेतला. तरुणपणी इंग्रजांच्या तोफगोळ्यानं त्याचा उजवा हात गेलेला, पण हा मागे हटला नाही. 1767 मध्ये तो या बेटाचा कारभारी होऊन आला आणि त्यानं जहाजं पाठवली. 1770 मध्ये लवंग-जायफळाची रोपं चोरून या बागेत येऊन पोचली. म्हणजे आई ज्या झाडाकडे बघून इतक्या सहज ‘जायफळ’ म्हणाली, ते तिथं मुळात पाहुणंच आहे. वेंगुर्ल्यातही पाहुणंच. तळ्यातली ती परातीएवढी पानं पसरलेली कमळं ॲमेझॉनची. त्यांचं फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, रात्री आत शिरलेल्या भुंग्यांना मिटून घेतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन उघडतं. तालिपोट नावाचा ताड श्रीलंका-केरळकडचा. तो कित्येक दशकं नुसता वाढतो, मग माथ्यावर एकदाच, लाखो फुलांचा मोठा तुरा काढतो आणि मरतो. गाईडनं हे सांगितल्यावर आई एवढंच म्हणाली, “बांबूही तसाच की.” नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे.

गाईडनं हार मानली नव्हती. फाटकाकडे परतताना तो वाट वाकडी करून एका गुळगुळीत खोडाच्या झाडापाशी गेला. पान तोडलं, चुरगळलं आणि लेकीला, मला, नवऱ्याला वगळून थेट आईसमोर धरलं. तिनं वास घेतला. “लवंग.” गाईड गप्प. पुन्हा घेतला. “थांब हं. दालचिनी आहे. नाही. जायफळ? मिरी?” तिच्या कपाळाला आठी पडली. पान उलटं करून शिरा पाहिल्या, देठ मोडून चाखायला गेली तेव्हा लेकीनं हात धरला. गाईडच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा समाधान दिसलं. झाड होतं ऑलस्पाइसचं, वेस्ट इंडीज आणि मेक्सिकोकडचं. चारही वास त्या एका पानात खरोखरच असतात. आई त्यावर “असं कसं?” एवढंच म्हणाली, पण हे ‘असं कसं’ मी लहानपणापासून ओळखते. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं अडलं की ती असंच म्हणते आणि मग दिवसभर स्वयंपाक करताना ओठ हलत असतात. ते पान ती हॉटेलपर्यंत मुठीत घेऊन आली. जेवणाआधी हात धुवायचा तिचा नियम, पण त्या दुपारी तिनं एकच हात धुतला.

खरा घोटाळा कॅलेंडरचा होता.

आम्ही गेलो मे महिन्यात, कारण शाळेला सुट्टी मेमध्येच. विषुववृत्ताच्या पलीकडे तेव्हा हिवाळा सुरू होत असतो. हिवाळा म्हणजे आपला मार्गशीर्ष समजा. संध्याकाळी वारा सुटला की शाल लागते. हे मला आकड्यांत ठाऊक होतं. आईला ते अंगावर आलं. गावातल्या प्रत्येक परसात आंब्याचं झाड, चांगलं डेरेदार, आणि झाडावर एकही आंबा नाही. मोहरही नाही. “मे महिन्यात आंबा नाही म्हणजे काय?” तिनं असं विचारलं की कुणीतरी कामात कुचराई केली असावी. तिथे आंबा पिकतो नोव्हेंबर ते जानेवारीत. गुलमोहरही तेव्हाच फुलतो, ऐन नाताळात. आमच्या दारचा गुलमोहर त्या आठवड्यात पेटलेला होता आणि इथले नुसते हिरवे, शेंगा लोंबकळत असलेले. गंमत अशी की गुलमोहर मुळात इकडचाच, शेजारच्या मादागास्करचा. मॉरिशसमध्ये राहणाऱ्या बोयर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1820 च्या दशकात तो तिथं पाहिला, त्याचं वर्णन केलं आणि पुढे तो जगभर गेला. मी हे तिला उत्साहानं सांगितलं. म्हणजे आपला गुलमोहर आपला नाहीच, असा माझा एकूण विजयी सूर. आईनं शांतपणे ऐकून घेतलं. “नसेना. पण मेमध्ये फुलायचं हे तो आपल्याकडेच येऊन शिकला ना?” यावर काय बोलणार?

उत्तरेकडच्या किनाऱ्यावर आमचं बिनसलं, असंच म्हणायला हवं. काप मालरूला लाल छपराचं छोटं चर्च, पुढ्यात नांगरलेल्या होड्या, समोर पाण्यातून वर आलेलं बेट. सगळं जिथल्या तिथे आणि इतकं सुंदर की फोटो काढायलाही कंटाळा यावा. पाणी नखभर खोल असल्यापासून निळं. मी डोळे भरून पाहत होते. लेकीनं आत धाव घेतली आणि बराच वेळ चालत गेली तरी पाणी गुडघ्याच्या वर येईना. आई वाळूवर बसून राहिली, पाय ओले करायलाही उठेना. शेवटी विचारलं तर म्हणाली, “ह्या समुद्राला आवाजच नाही गं.” आणि ते खरं होतं. बेटाभोवती जवळजवळ सगळीकडून पोवळ्यांचा बांध आहे. लाटा दूर तिकडे बांधावर फुटतात, त्याची एक पांढरी रेघ दिसते, आणि आत येतं ते लाड केलेलं पाणी. जाहिरातींत दिसतो तो समुद्र हाच. मला मात्र त्यानंतर तो नीट बघता येईना. कान सारखा काहीतरी शोधत राहिला.

मग दक्षिण. नवऱ्याच्या तक्त्यात त्या दिवशी पाच ठिकाणं होती. गंगा तलाव झाला, तिथली शंकराची अवाढव्य मूर्ती झाली. त्याबद्दल आपल्या वाचकांना मी वेगळं काय सांगणार! खरी मजा आली ती तक्त्यात नसलेल्या जागी. प्लेन शांपान्यच्या पठारावर रस्त्याकडेला गाड्या उभ्या होत्या आणि माणसं, म्हातारी-कोतारी, पोरं, बादल्या-पिशव्या घेऊन झुडपांत शिरली होती. ड्रायव्हरनं न विचारताच गाडी थांबवली. चिनी पेरू. करवंदापेक्षा मोठा, पिकला की गडद लाल, आत बियाच बिया आणि जिभेवर आंबट-गोड असा काही झटका की डोळे मिटावेत. मे हा त्याचा हंगाम. आंब्यानं दिलेला धोका आईनं तिथं पुरता वसूल केला. ओच्यात पेरू भरून ती एका अनोळखी बाईशी बोलत होती. ती बाई क्रेओलमध्ये, म्हणजे फ्रेंचवरून घडलेल्या तिथल्या बोलीत, ही मराठीत, आणि दोघी कुठल्या फांदीला हात घालायचा हे एकमेकींना दाखवत होत्या. करवंदांच्या जाळीत वाढलेल्या माणसाला बाकी काही सांगावं लागत नाही. मी मात्र वाचून आले होते की हा पेरू ब्राझीलचा, इथे आला आणि माजला. बेटाचं मूळ जंगल चांगल्या स्थितीत जेमतेम दोन टक्के उरलंय आणि जे उरलंय त्यातही देशी रोपांची वाढ हा पेरू गिळतो. आबनुसाची जंगलं तोडली गेली, डोडो सतराव्या शतकातच संपला, आणि आम्ही तोंड लाल करून त्या मारेकऱ्यालाच खात होतो. लेकीला हे सांगितलं. ती म्हणाली, “मग जास्त खाल्ले पाहिजेत ना?” आणि दुसरी मूठ भरली. तिचं तर्कशास्त्र तिच्या आजीकडून आलंय.

खाली उतरलो की सगळा ऊस. मेमध्ये तोड अजून सुरू झालेली नसते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस, काही शेतांत तुरे यायला लागलेले, आणि मधूनच काळ्या दगडांचे ढीग. ढीग म्हणजे दोन मजली घराएवढे, कडा बऱ्यापैकी सरळ रचलेल्या, माथ्यावर गवत. पहिल्यांदा मला ती एखादी जुनी बांधकामं वाटली. ड्रायव्हर म्हणाला, जमीन ज्वालामुखीची आहे, ऊस लावायच्या आधी हे दगड वेचायला लागले. कुणी वेचले हे त्यानं सांगितलं नाही, फक्त स्टिअरिंगवरचा हात उचलून स्वतःच्या छातीकडे नेला.

या ड्रायव्हरबद्दल सांगायलाच हवं. पन्नाशीचा माणूस, वाकवा गावचा, हिंदी सिनेमांतून शिकलेली हिंदी, बाकी इंग्रजी, घरात क्रेओल. आडनावाच्या शेवटी ‘जी’. पहिल्या दिवशी त्यानं नाव सांगितलं तशी मागच्या सीटवरून आईनं विचारलं, “तुम्ही मराठी?” तो मोठ्यानं हसला आणि म्हणाला, “हां जी, मराठी.” त्यापुढे एक वाक्य त्याला मराठीत येत नव्हतं. शाळेत थोडं शिकलो होतो म्हणाला. तिथल्या शाळांतून मराठी शिकवतात, रेडिओ-टीव्हीवरही असतं. गणपतीची आरती मात्र त्यानं अख्खी म्हणून दाखवली, एकाही ओळीला न अडखळता, ऊस मागे पडत असताना. त्याच्या गावात गणपतीत जाखडी नाचतात. गणेश चतुर्थीला तिथे देशभर सरकारी सुट्टी असते. आणि ते आडनाव म्हणजे मुळात बोटीतून उतरलेल्या पूर्वजाचं नुसतं नाव. कारकुनानं वहीत जे लिहिलं ते पुढच्या पिढ्यांना चिकटलं. खरं आडनाव काय होतं, कुणाला ठाऊक नाही.

पोर्ट लुईचा आप्रवासी घाट नवऱ्याच्या तक्त्यात अर्ध्या तासाचा होता. जागा तेवढीच आहे. काळ्या दगडाच्या पायऱ्या, काही भिंती, आंघोळीच्या, स्वयंपाकाच्या जागांचे अवशेष. 1834 पासून 1920 पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं करारावर हिंदुस्थानातून इथे आणली. गुलामगिरी कायद्यानं संपली होती आणि उसाला हात हवे होते. बहुतेक भोजपुरी मुलखातली, तमिळ, तेलुगू, आणि मुंबईच्या बोटींतून आलेली आपल्याकडची. आईनं पायरीवर उभं राहून मागचा-पुढचा अंदाज घेतला, घर घेताना गॅलरी मोजतात तसा. “एवढ्याशा जागेतून इतकी माणसं?” मग ड्रायव्हरकडे वळून, “गाव कोणतं तुमचं?” तो म्हणाला वाकवा. “ते नाही. मूळ गाव.” मला लाजल्यासारखं झालं. दीडशेहून जास्त वर्षांनी कुणाला असं विचारतात का? पण कोकणात ओळख पुरी होते ती गाव कळल्यावरच, आणि तिच्या दृष्टीनं हा माणूस चार दिवस गाडी चालवूनही अर्धाच ओळखीचा झाला होता. त्याला मात्र प्रश्न आवडला. त्याच्याकडे कागद होता. तिथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आप्रवाशांच्या जुन्या वह्या जपून ठेवल्यात, त्यातला उतारा त्यानं ओसीआय कार्डासाठी, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं त्या कार्डासाठी, काढला होता. घरी गेलो की फोटो पाठवतो म्हणाला.

मग ग्री ग्री. सुयाक गावापलीकडे बेटाच्या दक्षिण टोकाला पोवळ्यांचा बांध तुटतो आणि समुद्र थेट कातळावर येतो. गाडीतून उतरायच्या आधीच आवाज ऐकू आला. वर हिरवळ, तिथून खाली काळा कडा, आणि खोल कुठूनतरी उठून येणाऱ्या लाटा. पोहायला मनाईची पाटी आहे. पाटी नसती तरी कुणी धजलं नसतं. वाऱ्यानं बोलणं ऐकू येईना. आई कठड्याजवळ गेली आणि तोंडावर तुषार येऊ दिले. मागे वळून आम्हाला ओरडून म्हणाली, “हो खरो समुद्र!” मालवणी तिच्या तोंडून मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. पुण्यातल्या घरात ती कधी आलीच नाही. सासरी बोलायची नव्हती, मग आम्हाला शिकवायची राहिली. लेकीला कळलं नाही, तिनं मला विचारलं, आणि मीही क्षणभर चाचरले. ड्रायव्हरला आरती येते, त्याला मराठी येत नाही. मला मराठी येते आणि आईचं हे वाक्य मी अंदाजानं समजून घेतलं. आमच्यात फार फरक आहे असं त्या वेळी वाटलं नाही.

आई तिथून हलायला तयार नव्हती. तक्त्यातलं पाचवं ठिकाण रद्द झालं. नवऱ्यानं एकदा घड्याळ पाहिलं आणि मग तोही गवतावर आडवा झाला. प्रवासाबद्दलचं माझं मत त्या तासाभरात थोडं सरकलं, हे खरं. आपण जातो ते नवं पाहायला, असं आपण धरून चालतो आणि जुनं दिसलं की पैसे वाया गेले म्हणतो. आई अनोळखी बेटावर ओळखीच्या गोष्टी मोजत होती म्हणूनच तिला लगेच कळलं की आंबा चुकलाय, समुद्र मुका आहे, आणि एका पानात चार झाडं आहेत. मला यातलं एकही तिच्याशिवाय दिसलं नसतं. मी निळं पाणी पाहून परत आले असते. पण म्हणून राग पुरता गेला असंही नाही. माएबूरच्या सोमवारच्या बाजारात उभ्यानं दाल-पुरी खाताना तिनं “ही पुरणपोळीची तिखट बहीण” असं जाहीर केलं, तेव्हा मला पुन्हा वाटलं, एकदा तरी, एकदाच, हिनं नुसतं ‘वा’ म्हणावं.

परत आल्यावर महिन्याभरानं ड्रायव्हरचा फोटो आला. वहीतल्या नोंदीचा उतारा : नाव, बापाचं नाव, वय, उंची, जिल्हा, गाव. जिल्ह्याच्या जागी सावंतवाडी असं वाचता येतं. तेव्हा ते संस्थान होतं. गावाचं नाव कारकुनानं ऐकलं तसं लिहिलंय आणि ते ‘तुलवन’सारखं काहीतरी दिसतं. आईनं तो फोटो माहेरच्या ग्रुपवर टाकला आणि तेव्हापासून तिथे दुसरा विषय नाही. मामा म्हणतो हे तळवडे, शंकाच नको. मावशी म्हणते तळवणे, शेवटचा ‘न’ दिसत नाही का तुला, चष्मा बदल. एका मामेभावानं पिंगुळीच्या कुणाला तरी विचारलंय. दोन्ही गावांत त्या ‘जी’च्या मागचं घराणं शोधायचं काम मामानं स्वतःकडे घेतलंय आणि गणपतीत त्याला घेऊनच या, तोवर ठरवून ठेवतो, असा निरोपही धाडलाय. ड्रायव्हरनं उलट कळवलं की गणपतीत जमणार नाही, त्याच्या घरी गणपती असतो आणि आरतीला पुढे उभं राहायचं काम त्याचंच आहे.